बुधीबाईने देवी अंगणात बसवली

बुधीबाई धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी. तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरपाड्यांत तिच्याशिवाय लग्न लागत नसे. गाणी तिला सासूने दिली होती, पण मध्येच ती स्वतःच्या ओळी घाली. कुणी हटकलं तर म्हणे, "गाणं सासूचं, कान माझे. ओढा बोलतो, वारा बोलतो, ते मला ऐकू येतं. मग सांगू नको?"

२०१८च्या दिवाळीनंतर जमीनच बोलायला लागली. आधी पोटातून गुरगुर, मग हादरा. माणसं घरं सोडून ताडपत्रीखाली राहू लागली.

फाल्गुनात रखमीच्या सुनिलचं लग्न निघालं. आतल्या खोलीत भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक, म्हणजे तिला बसवायचं चौकोनी चित्र, लिहून झाला. चाळीस माणसं आणि दार एकच. सकाळपासून दोनदा गुरगुर झाली होती. बुधीबाईने उंबऱ्याशी वाकून जमिनीला तळहात लावला आणि ती तशीच मागे सरली.

"मी आत गाणार नाही. कुडाची ताटी आणा, अंगणात तिच्यावर दुसरा चौक लिहा."

भगत काकड्या ताडकन उठला. "देवी उघड्यावर? आजवर कुणी केलंय असं?"

"कुणी नाही. मी करते."

"मग जानी गाईल!"

जानी लांबच्या पाड्याची धवलेरी, लग्नाला पाहुणी आलेली. ती खाली मान घालून चौकासमोर बसली. सगळे रखमीकडे बघू लागले. बुधीबाई कुणासाठी थांबली नाही. अंगणात एकटीच बसून गाऊ लागली :

"धरतरी कूस वळवते गं,
तिला वाट द्या, वाट द्या..."

रखमीने नवरीचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. मागून सुनिल आला, मग कुरकुरत बाकीचे.

चौक पुन्हा लिहीपर्यंत दोन तास गेले. गाणं अर्ध्यावर आलं आणि हादरा बसला. मांडवाच्या मेढी करकरल्या, कौलं खडखडली, बायकांनी पोरं छातीशी धरली. बुधीबाई गात राहिली.

घर मात्र उभंच. भिंतीला चीरसुद्धा नाही.

"बघ!" काकड्या म्हणाला. "उगाच देवीला उन्हात बसवलीस."

"पडलं नाही ते बरं झालं. मी ऐकलं ते सांगितलं."

त्या मोसमात तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. सगळी लग्नं जानीने लावली. बुधीबाईला ते लागलं, पण ती कुणाच्या दारी गेली नाही. पहाटे मोहाची फुलं वेचायला रानात जाई. एकदा रखमीची सून निलम टोपली घेऊन मागोमाग आली.

"आय, त्या दिवशी आत माझा जीव घुसमटत होता. मी बोलले नाही."

"आता बोललीस ना," बुधीबाई म्हणाली आणि तिला झाडाखाली जागा करून दिली.