एकोणीस सह्या

पक्षाच्या प्रांत कार्यालयात ताईंनी बावीस वर्षं बैठकांचं इतिवृत्त लिहिलं. तेवढ्या काळात सहा प्रांताध्यक्ष आले नि गेले. निवडणूक हरली की दारावरची पाटी बदले, खिडकीजवळची ताईंची खुर्ची मात्र तिथेच राही.

तिसऱ्यांदा सत्ता हुकली आणि निकालानंतर चौथ्याच दिवशी कार्यकारिणी बसली. अध्यक्ष फिरकलेच नाहीत. सरचिटणीसांनी त्यांना हटवण्याचा ठराव मांडला, भराभर हात वर झाले. ताईंनी हजेरीच्या सह्या मोजल्या. एकोणीस! नियमाने पंचवीस जण तरी हजर हवे होते.

सगळे पांगल्यावर सरचिटणीसांनी दार लोटून घेतलं.

"ताई, हजर सव्वीस लिहा. उरलेल्या सह्या मी आणतो."

"सव्वीस नव्हते, साहेब."

"बाहेर पत्रकार ताटकळलेत. उगाच फाटे फोडू नका."

नवरा कंबरदुखीने वर्षभर अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. तरी त्यांनी 'एकोणीस' लिहिलं आणि खाली सही ठोकली. सरचिटणीसांनी वही हिसकावून वाचली नि टेबलावर आपटली. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष हात जोडूनच आत शिरले. "ताई, माझी लाज राखलीत!"

पंधरवड्याने त्यांनीच बैठक बोलावली, सरचिटणीसांना पक्षाबाहेर काढायला. जेमतेम सतरा जण आले. अध्यक्षांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"तीस लिहून टाका. आपल्या माणसासाठी एवढं कराल ना?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तेव्हाही मी तुमच्यासाठी लिहिलं नव्हतं, साहेब."

अध्यक्षांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कपाटाच्या किल्ल्या ठेवा इथे. उद्यापासून येऊ नका."

ताईंनी आधी 'सतरा' लिहिलं, सही केली, मगच किल्ल्या ठेवल्या. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोघांशीही वाकडं घेतलंस?" तो म्हणाला. "धन्य आहेस बाई!" आणि कंबर धरून हसत सुटला. ताईंना मात्र रडू फुटलं.

अध्यक्ष दोन महिन्यांत पायउतार झाले, पोटनिवडणूकही हातची गेली. ताई एका वकीलबाईंकडे टायपिंग करू लागल्या. नव्या अध्यक्षांनी माणूस पाठवला, 'परत या' म्हणून. ताईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं.

"सांगा त्यांना, आता नाही जमायचं," त्या म्हणाल्या.