मुहूर्ताच्या खुर्च्या

आमच्या शाळेत परीक्षेचं वेळापत्रक पंचांग बघून ठरायचं. त्यात धर्मकर्म काही नव्हतं. गर्देबाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शाळा उघडली की लाल पेन्सिल घेऊन बसायच्या आणि लग्नाच्या मुहूर्तांवर गोल करायच्या. त्या दिवशी पेपर ठेवायचा नाही, कारण त्या दिवशी शाळेत खुर्च्या नसायच्या. मी नवीन लागले तेव्हा हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. देवउठनी एकादशी होऊन लग्नसराई सुरू झाली होती. एका सकाळी सातवीच्या वर्गात शिरले तर सगळी मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली. मी धावत ऑफिसात गेले.

"लग्नाला गेल्यात खुर्च्या," बाई मान वर न करता म्हणाल्या. "उद्या येऊन जातील. तू परेशान नको होऊ, मीनल. खाली बसल्याने गणित सांडत नाही."

शाळा बिर्लानगरात, म्हणजे आमच्या हिंदी मुलखातल्या शहराच्या गिरणीवस्तीत. गिरणी बंद पडली तशी वस्तीची फी भरायची ताकदही गेली. बाकं वाळवीने खाल्ली आणि संस्थेकडे नवी करायला पैसे नव्हते. तेव्हा बाई स्वतः पडावच्या बाजारात गेल्या आणि लग्नांना मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या रामबाबूंच्या टेंट हाऊसच्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडे मैदान आहे, तुमच्याकडे खुर्च्या आहेत, एवढंच त्या म्हणाल्या. ठरलं. संध्याकाळी लग्नांसाठी मैदान रामबाबूंचं, दिवसा खुर्च्या शाळेच्या. मोठा मुहूर्त असला की मात्र ट्रक येणार आणि खुर्च्या घेऊन जाणार. बाईंनी हे सगळं लिहून घ्यायचं काढलं तेव्हा रामबाबूंनी हात जोडले.

"कागज की क्या जरूरत, बाईसाहब? आप हैं ना!"

झालं. तेवढं एक वाक्य बाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं. "म्हणजे कागद मीच," असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील.

मुलांची मात्र चंगळ होती. कधी खुर्च्या परत यायच्या त्या सोनेरी झालरीसकट, आणि अख्खी सातवी वऱ्हाड होऊन भूगोल शिकायची. कुणाच्या खुर्चीच्या फटीत गुलाबाच्या पाकळ्या, कुणाच्या खाली चिकटलेली गुलाबजामची वाटी. बाई आधी हुंगून बघायच्या आणि मग म्हणायच्या, "पाक बरा होता हं." शाळाभर हशा पिकायचा. त्या स्वतः हसायच्या नाहीत.

त्यांची मुलगी माधवी नाशिकला असायची. तिला मुलगा झाला तेव्हा बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. तिने आईसाठी खोली रंगवून घेतली, बाईंनी आपली पितळेची भांडीसुद्धा बांधून ठेवली. मग निवृत्तीचा दिवस आला आणि गेला. संस्थेने आनंदाने मुदतवाढ दिली. पुढच्या वर्षी पुन्हा दिली, आणि मग दर वर्षीच. भांडी बांधलेलीच राहिली. घरात बाई दोन स्टीलच्या ताटल्यांवर भागवायच्या.

"मी उठले की खुर्च्या उठल्या," त्या म्हणायच्या. "नवीन माणसाला रामबाबू कशाला ओळखतील?"

"मग त्यांना विचारा ना एकदा," मी चिडून म्हणायचे. "लिहून मागा."

"उपकार करणाऱ्याला कागद मागू? म्हणजे त्याच्या नीयतवर शक केल्यासारखं नाही का होत?"

मला त्यांचा राग यायचा, आणि मग मागच्या व्हरांड्यात त्या माधवीशी फोनवर बोलताना कानावर पडलं की तो राग कुठल्या कुठे जायचा. "हो गं, या उन्हाळ्यात नक्की." दर वर्षी तेच. नातू चालायला लागला, शाळेत गेला, त्याची मुंज झाली. मुंजीला बाई जाऊन आल्या, पण लग्नसराई होती, म्हणून लगेच परत. कुणी कडी न लावलेल्या खोलीत माणसाने वर्षानुवर्षं बसून राहावं, तसं चाललं होतं.

मग एका मुहूर्ताच्या पहाटे ट्रक लवकर आला. कुठल्या वर्गातल्या खुर्च्या द्यायच्या ते दाखवायला बाई घाईने पायऱ्या उतरल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रामबाबू फळं घेऊन त्यांना घरी भेटायला आले. मी तिथेच होते. या वेळी मी बाईंकडे बघितलंच नाही, सरळ विचारलं.

"रामबाबूजी, बाई आता येणार नाहीत. खुर्च्यांचं काय?"

"कुर्सियों का क्या?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "वो तो स्कूल में ही रहेंगी. मैदान तो मुझे भी चाहिए ना, मैडम! शहर में इतना बड़ा मैदान और कौन देगा?"

"आप बोले थे ना, कागज की क्या जरूरत, बाईसाहब हैं."

"अरे, वो तो इज्जत में कहा था!" ते कावरेबावरे होऊन बाईंकडे वळले. "बाईसाहब, आप कहतीं तो उसी दिन लिख देता. मैं तो सोचता था, आपका यहीं मन लगता है."

इतकी वर्षं तो सरळ देण्याघेण्याचा व्यवहार होता, आणि त्यात आपणही मैदान देतो, हे बाई विसरून गेल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "रामबाबूंना चहा कर, मीनल." मी आत जाऊन रडून घेतलं.

माधवी येऊन त्यांना घेऊन गेली. नातू तोवर शिकायला बंगळूरला गेला होता. रामबाबूंनी लग्नांसाठी नव्या खुर्च्या घेतल्या आणि जुन्या कायमच्या शाळेत ठेवल्या. तसा कागदही झाला आणि त्यावर शाळेच्या वतीने मी सही केली.

परवा सकाळी बाईंचा फोन आला.

"आज मोठा मुहूर्त आहे. मुलं खाली बसलीत का गं?"

"नाही बाई. खुर्च्यांवर बसलीत. आता त्या कुठे जात नाहीत."

"याद आहे मला," त्या म्हणाल्या. "तरी उठल्या उठल्या पंचांग बघितलं. माधवी विचारते, आई, आता कशाला बघतेस? काय सांगू तिला?"