तियाच्या मळ्यातले आजोबा

मगर हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडातून काढत नाही. आजोबा म्हणायचं. आजोबा दिसले की मान खाली घालून बाजूला व्हायचं. निर्दोष माणसाला आजोबा हात लावत नाहीत, हे तिमोरमधलं शेंबडं पोरपण सांगेल. म्हणून कुणाला चावले, की औषध लावायच्या आधी लोक विचारतात, काय केलं होतंस?

त्यामुळे आजोबा तळ्यातून निघून तिया एतेलविनाच्या मळ्यात येऊन पडले, तेव्हा सगळं गाव तिच्याकडे बघायला लागलं.

तिया माझी आत्या; आमच्याकडे आत्याला तिया म्हणतात, काकाला तियु. मी तिच्याकडेच वाढले. तिचा नवरा आबराओ मासे धरायला गेला तो आलाच नाही. तेव्हापासून तळ्याकाठचा तो तुकडा ती एकटी करते. चिखलात कांकुची भाजी, वर वांगी, कडेला शेवगा. बाजारात तिच्या जुडीत पिवळं पान सापडणार नाही. दिवसभर विडा चघळते, फार बोलत नाही, बोलली तर समोरच्याला लागतं. शाळेत मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, तुझी आत्या दिराची जमीन दाबून बसलीय. मी दप्तर उचललं आणि घरी आले. परत गेलेच नाही.

हा दीर म्हणजे तियु अगापितो, आबराओचा धाकटा भाऊ. झुंजीचे कोंबडे पाळतो आणि त्यांच्यासारखाच छाती काढून चालतो. आजोबा आल्याचं कळल्यावर तो झऱ्यावर आला, तिया बाकी बायकांबरोबर पाणी भरत असताना.

"आजोबा उगाच येत नाहीत, एतेलविना. जमीन ज्याची त्याला दे, बघ कसे निघून जातात."

"आजोबांना चोर हवा असता तर तुझ्याकडे आले असते," तिया म्हणाली. "तुझ्याकडे खायला कोंबडेपण आहेत."

बायका खिदळल्या. तियु लाल झाला. "मग जा की आत! मन साफ आहे ना? रविवारी प्रार्थना सुटली की भाजी कापून आण. सगळ्यांना बघू दे."

"आणते," तिया म्हणाली आणि घागर उचलून चालायला लागली.

आता मी काय करायचं, सांगा. नको जाऊ म्हणाले, तर मीच तिला पापी म्हटल्यासारखं. जा म्हणाले, तर... आजोबांवर माझा विश्वास आहे. पण मी त्यांचे दातही बघितलेत. रोज कुंपणापाशी जाऊन बघत होते. मी उपटून टाकलेल्या तणाच्या ढिगाला टेकून ते पडलेले असायचे, हलायचे नाहीत.

"तिया, तुला ताप आलाय असं सांगू का?"

"मला ताप नाही." ती कोयता घासत होती. "तुला आलाय बहुतेक."

रविवारी सगळं गाव कुंपणाला लागलं. तियाने चपला काढल्या, टोपली घेतली, फाटक उघडलं. "आजोबा, मी एतेलविना. भाजी कापते, जाते." ती वाकली. एक जुडी कापली. ढिगापाशी फुस्सकन आवाज झाला, मोटरसायकलच्या चाकातली हवा जावी तसा. तियाने दुसऱ्या जुडीला हात घातला. आजोबा चारी पायांवर उठले. आणि मी ओरडले.

"मागे ये तिया! आजोबा नाहीत ते, आजी आहे! अंड्यांवर बसलीय! अंड्यांवरची कोंबडी पाद्रीबाबांनापण टोचते, तिथे पाप-पुण्य कोण बघतं?"

अंडंबिंडं मी काही बघितलं नव्हतं. तिला परत आणायला तेवढीच एक वाट सुचली.

तियाने ऐकलं. पाठ न फिरवता एकेक पाऊल कुंपणापर्यंत मागे आली. तेवढ्यात ते धूड धावलं. टोपली त्याच्या जबड्यात कडकडली, आणि मी तियाला कमरेला धरून बांबूच्या कुंपणावरून अलीकडे ओढलं. आम्ही दोघी चिखलात पडलो.

"चावले नाहीत!" कुणीतरी म्हणालं. "टोपली तर नेली!" दुसरं म्हणालं. आमच्या कुळाचं पवित्र घर सांभाळणारे म्हातारे सेराफिन पुढे आले. "बाळंतिणीच्या खोलीत कुणी शिरत नाही. पिल्लं निघेपर्यंत मळा बंद. सगळ्यांना."

"आणि नाही निघाली तर?" तियु अगापितो म्हणाला.

"तर जमीन तुझी," सेराफिन म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले. सगळेच बघत राहिले.

घरी तियाने विचारलं, "अंडी बघितलीस?"

"नाही."

तिने विडा या गालातून त्या गालात घेतला. "बरं. आता घाल म्हणजे झालं."

ती हसली, मला हसू येईना. पिल्लं निघाली नाहीत तर जमीन जाणार, नाव जाणार, आणि ते माझ्या तोंडामुळे. भाजी बंद, बाजार बंद. आम्ही कसावाचे कंद उकडून खात होतो. मी दिवसभर कुंपणापाशी. डुकरं हाकलायची, दगड मारायला येणारी पोरं हाकलायची. ज्या आजोबांना घाबरत होते, ते दिसले नाहीत की आता जीव खाली-वर व्हायचा. तियु येता-जाता विचारायचा, "काय गं जुविता, बाळंत झाली का तुझी आजी?" मी तोंड फिरवायचे.

पाऊस ओसरत आला तेव्हा एका दुपारी ढिगातून आवाज आला. बारीक, कर्कश, पुष्कळ गळ्यांचा. आजी पुढच्या पायांनी ढीग उकरत होती.

मी बघून काय उपयोग? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी पळत झुंजीच्या मैदानात गेले. तियुने कोंबड्याच्या पायाला पातं बांधायला घेतलं होतं. मी त्याची बाही धरली.

"सोड! वेड लागलं का? माझा डाव आहे!"

"मरू दे डाव. चल, नाहीतर पिल्लं सगळी पाण्यात जातील."

शिव्या देत, कोंबडा काखेत धरून तो आला. कुंपणापाशी तिया आधीच उभी होती. आत आजीने वीतभर काळं पिल्लू दातांत धरलं होतं.

"खातेय!" तियु किंचाळला. "स्वतःचं पोर खातेय!"

"गप उभा राहा," तिया म्हणाली.

आजी पाण्यापर्यंत सरपटली. जबडा उघडला. पिल्लू पोहत बाहेर आलं. ती वळली, दुसरं आणायला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, मला काही दिसलं नाही. ऊन लागलं म्हणेल.

त्याने कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला आणि मोकळ्या हाताने तियाला मागे सारलं.

"मागे हो, वहिनी. तुझ्या मळ्यातलं एक पिल्लू कुंपणाच्या या बाजूला आलंय, आणि आजी इकडेच बघतेय."