यादीतला दोरा

आमच्या मनिहिकीवर कुणाचं काही झाकून राहत नाही. बेटाचा रेडिओ मी चालवतो आणि उत्तरेकडची सगळी बेटं त्याला कान लावून असतात. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीने, तेपाएरूने, रारोटोंगाच्या, म्हणजे राजधानीच्या बेटावरच्या, साहेबाला काय सुनावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी सांगणार. बहीण माझी आहे!

त्या वर्षी वादळाने निम्मी घरं नेली. तेपाएरूची तिवाएवाए पण गेली. बायका मिळून शिवतात ती फुलांची गोधडी. आमच्यात माणसाला पुरतात ते तिच्यात गुंडाळून. तिने ती नवऱ्यासाठी, तौराकीसाठी राखली होती, आणि तौराकी तर अंथरुणाला खिळलेला, आज आहे उद्या नाही. शेजारणींनी आपले झगे, पडदे कापून दिले. कापड जमलं, पण दोरा संपला.

अशात रारोटोंगाहून निरोप आला: जहाज निघतंय, फक्त इसेन्शियल वस्तू सांगा. मी यादी वाचली. तांदूळ, पीठ, रॉकेल, ताडपत्री, दोऱ्याची वीस रिळं.

"दोरा?" तिकडचा पोरगेला अधिकारी म्हणाला. "काका, इसेन्शियल म्हणजे ज्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही ते. दोरा खोडतो."

मी मुकाट्याने 'बरं' म्हणणार होतो. खोटं कशाला सांगू, साहेब लोकांपुढे माझी दातखीळ बसते. तेपाएरूने माइक हिसकावून घेतला.

"मला अर्थ शिकवतोस होय रे? आणि ज्याच्याशिवाय माणसाला धड जाताही येत नाही, ते कुठल्या यादीत लिहितोस?"

"मावशी, एक वस्तू वाढली तरी वरचे माझा जीव खातात हो."

"मग आमच्या घरचं पीठ खोड. नारळ आहे, मासा आहे, आम्ही काही उपाशी मरत नाही. दोरा राहू दे."

नुसती खरखर. मग मध्येच एका बाईचा आवाज घुसला, "पुकापुकाहून बोलतेय. आमच्याही यादीत दोरा लिही. पीठ खोडायचं तर खोड." पाठोपाठ तोंगारेवा, मग राकाहांगा. एकेक बाई नुसती तुटून पडली त्याच्यावर. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी राहिलं.

"लिहितो, लिहितो!" तो ओरडला.

दोरा आला. पीठही आलं, खोडलंच नव्हतं बिचाऱ्याने. दहा-बारा बायका तौराकीच्या उशाशी बसून शिवायच्या, आणि तो पडल्या पडल्या चिडवायचा, "सावकाश शिवा गं, मला कुठे घाई आहे!"

गोधडी पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी तो गेला. अंगणातच पुरला त्याला, गोधडीवरच्या लाल जास्वंदांत हनुवटीपर्यंत गुंडाळून. दुपारी तेपाएरू रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे आली आणि स्वतः माइक घेतला.

"रारोटोंगा, लिहून घे. तौराकी गेला. माझा माणूस उघडा नाही गेला."