दाराशी अनोळखी चपला

मंडळी, आज जीव थकलाय. नातीला गोष्ट वाचून दाखवताना "लिहिलं नाही तेही ओळख" म्हणत तासभर तिचं डोकं खाल्लं. अन् एकदम देवळी गावच्या शाळेतला माझा सातवीचा वर्ग आठवला, ऐंशी-एक्क्याऐंशीचा.

तेव्हाही मी हेच शिकवत होते. गोष्टीतली मुलगी शाळेतून घरी येते, तर दाराशी अनोळखी चपला. आई तिला मागच्या दारानं आत घेते आणि घाईघाईत तिची वेणी घालते. मी विचारलं, घरी कोण आलं असेल?

"पाहुणे," अख्खा वर्ग एका सुरात.

मागे भिंतीशी बसणारी शांता उठली. "बाई, तिले आता शाळेत नाई पाठवनार."

"असं कुठं लिहिलंय? खाली बस," मी म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शांता आलीच नाही. लग्न ठरल्याचं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

आज नात म्हणाली, "आजी, तुला बरं सगळं आधीच कळतं." मी पुस्तक मिटलं.

तुमच्यात मास्तर-बाई राहिलेले पुष्कळ आहेत. तुम्ही कोणाला खाली बसवलं होतं?