भिंतीला ठोकलेलं टेबल

"मुलाणीकाका, टेबल अजून हालतंय."

फोनवर कोळवणची सुप्रिया होती. दहा दिवसांतला तिचा हा तिसरा फोन. मी फोन कानाला धरूनच म्हणालो, "ताई, त्या टेबलावर मी स्वतः उभा राहिलोय. माझं वजन ब्याण्णव किलो आहे. तुमचा लॅपटॉप किती किलोचा?"

ती म्हणाली, "काका, परवा सोमवारी अकराला माझा रिव्ह्यू आहे. असंच हालत राहिलं तर रोज हिंजवडीला ऑफिसात बोलावतील. पोरगी एक वर्षाची आहे. नोकरी सोडावीच लागेल मग."

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. बघायचा विचार अजिबात नव्हता.

पौडला माझं जुन्या ऑफिस फर्निचरचं दुकान आहे. हिंजवडीत एखाद्या कंपनीनं मजला रिकामा केला की तिथला माल लॉटमध्ये निघतो. लॉट म्हणजे सगळं एकदम उचलायचं, निवडायचं नाही. मी तो आणतो, दुरुस्त करतो, विकतो. सुरुवात सायकलवर रद्दी गोळा करण्यापासून केली. आज स्वतःचं शेड आहे, जीएसटीचं बिल देतो, तरी लोक पत्ता सांगताना 'तो भंगारवाला' असंच म्हणतात. याचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही.

त्यात गेल्या वर्षी एका फार्महाउसवाल्यानं माझ्याकडून चांगलं टेबल घासाघीस करून नेलं. आठ दिवसांनी फोन, डुगडुगतंय म्हणून. रोज फोन करून निम्मे पैसे परत घेतले. नंतर कळलं, टेबलाला काही झालं नव्हतं. शेजाऱ्याला म्हणाला, भंगारवाला आहे, दाबला की देतो. तेव्हापासून 'हालतंय' हा शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं.

सुप्रिया दुकानात आली होती ती सासऱ्यांना घेऊन. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. तिला विम्याचे क्लेम तपासायचं काम घरून मिळालं होतं. कागद लोकांचे खाजगी, म्हणून कंपनीची अट कडक. एकच ठरलेली जागा, पक्कं टेबल, आणि कामाच्या वेळात कॅमेरा चालू.

आण्णांनी समोरच्या टेबलाला टिचकी मारली. "हे भुश्याचं हाय व्हय?"

"पार्टिकल बोर्ड म्हणतात त्याला. लाकडाचा चुरा गोंद घालून दाबतात. पुण्यात चालतं. तुमच्याकडच्या पावसात कडेनं पाणी पितं आणि पावासारखं फुगतं. कोळवणला मी ते देतच नाही."

मग त्यांना प्लायवुडच्या टॉपचं, चौकोनी लोखंडी पायांचं टेबल दाखवलं. टेबल पक्कं आहे का, हे बघायला लोक वरून दाबतात. वरून दाबून कुठलंच टेबल हालत नाही. कोपरा धरून आडवं ढकलायचं. मागचे दोन पाय जोडणारा आडवा पाइप आहे का बघायचं. पायांखाली लेव्हलर, म्हणजे फिरवून उंची जुळवायचे स्क्रू, आहेत का बघायचं. मी आण्णांना ढकलायला लावलं.

"हाललं का?"

"न्हाई हाललं. आता किंमत जरा हालव."

"आण्णा, कंपनीनं हे नवं घेतलं तेव्हा याच्या चौपट मोजले होते."

"कंपनीनं नवं घेतलं. आमी जुनं घेतोय."

तासभर आमची जुंपली. शेवटी माझ्या भावात सौदा झाला, पण पोच फुकट कबूल करून बसलो. गुरुवारी आणतो म्हणालो. आमच्याकडे गुरुवारी लाइनच्या दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद असते. ड्रिल चालत नाही, वेल्डिंग चालत नाही. म्हणून पोच करायची कामं मी गुरुवारी उरकतो.

घर रस्त्यालगत होतं. बाजूला पत्र्याचं शेड, शटर खाली, बाहेर पोत्यांची थप्पी. मला गोडाऊन वाटलं. खोलीत प्लगचा बोर्ड एकाच भिंतीवर, शेडच्या बाजूला. तिथंच टेबल लावलं. लेव्हलर जुळवले, भरलेला पेला वर ठेवला. पाणी जागचं हाललं नाही. सुप्रिया खूश झाली. मीही खूश होऊन निघालो.

शनिवारी तिचा पहिला फोन आला. मी पुढच्या गुरुवारी गेलो. कोपरा धरून ढकललं. टेबल ढिम्म.

"कुठं हालतंय?"

"आत्ता नाही हालत, काका. काम करताना हालतं. मॅनेजर म्हणतात, तू चालत्या जीपमध्ये बसून काम करतेस का?"

मला हसू आलं. आण्णा मात्र हसले नाहीत. "पोरगी हालतंय म्हनती, तर हालत आसंल. ती खोटं कशाला बोलंल?"

"आण्णा, किती कमी करायचे ते सरळ सांगा ना. हे नाटक कशाला?"

आण्णा उठूनच उभे राहिले. "मुलाणी, पैसं कोन मागतंय तुला? टेबल नीट करून दे म्हनलं!"

हेही मला भाव पाडणंच वाटलं. डोक्यात राग गेला होता. टेम्पोतून बॅटरीवरचं ड्रिल काढलं, लोखंडाचे चार एल-अँगल काढले आणि टेबलाची मागची बाजू भिंतीत बोल्ट मारून आवळून टाकली. म्हणालो, "आता भिंत हालली तरच टेबल हालेल."

शुक्रवारी तिचा दुसरा फोन. "काका, आता तर जास्तच हालतंय."

मी फोन कट केला. शनिवारी तिसरा फोन आला, तो वर सांगितलाच.

रविवारभर डोक्यात तेच. सोमवारी सकाळी ठरवलं, टेबल उचलून आणायचं, पैसे तोंडावर मारायचे, विषय संपवायचा. टेम्पोवाल्याला घेऊन दहाच्या सुमाराला कोळवणला पोचलो.

अंगणात दोन जीप उभ्या होत्या. भाताची पोती उतरत होती. दहा-बारा माणसं नंबर लावून बसली होती. शेडचं शटर वर होतं आणि आत पट्टा फिरत होता. भातगिरणी.

खोलीत गेलो. पाळण्यात पोरगी त्या धडधडीत गाढ झोपली होती. टेबलावरच्या कपात चहा होता आणि चहावर एकामागोमाग एक वर्तुळं उठत होती. मी टॉपवर तळवा ठेवला. चालू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

मी बाहेर येऊन ओरडलो, "आण्णा, ही गिरणी आहे?"

"मग काय देऊळ हाय?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू कवा इचारलंस? आमी टेबल घ्यायला आलोवतो."

"अहो, भिंत थरथरतेय सगळी!"

आण्णांनी भिंतीवर हात ठेवला. डोळे बारीक केले. "कुटं?" म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. तीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून जेवलेल्या माणसाला ती थरथर लागतच नव्हती. सुप्रियाला सून होऊन तीन वर्षं झालेली, तिलाही सवय. कंपनीचा हेडफोन आवाज गाळून टाकायचा, त्यामुळं मॅनेजरलाही गिरणी ऐकू येत नव्हती. त्याला दिसायचं ते फक्त थरथरणारं चित्र.

शेडमध्ये जाऊन पाहिलं. पट्ट्याची चाकं ज्या लोखंडी दांड्यावर फिरतात, त्याचा ब्रॅकेट त्याच भिंतीत गाडलेला होता. पलीकडून बरोबर तिथंच मी टेबल आवळलं होतं. आणि मी आलो होतो दोन्ही वेळा गुरुवारी. लाइट नाही, म्हणून गिरणी बंद.

रिव्ह्यूला पाऊण तास होता. अँगल सोडले. टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. एक्स्टेंशन बोर्ड लावला. गिरणीच्या जुन्या रबरी पट्ट्याचे चार तुकडे कापून पायांखाली घातले. चहावर अजून बारीक वर्तुळ उठत होतं.

"आण्णा, अर्धा तास गिरणी बंद ठेवा."

"मानसं खोळंबल्यात, मुलाणी."

मी खोलीकडं बोट दाखवलं. आण्णांनी खोलीत डोकावून सुनेकडं पाहिलं आणि जाऊन खटका पाडला. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आण्णा, आज गुरुवार हाय व्हय?"

"हाय म्हनून समज," आण्णा म्हणाले, "आन गप बस."

मी ओट्यावर बसलो. आत सुप्रियाचा आवाज येत होता, शांत, इंग्रजीत. मधेच 'राइस मिल' एवढं कळलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली.

"नोकरी राहिली, काका. पण आधीच्या दहा दिवसांची रेकॉर्डिंग वर गेलीत. जीपमधून काम केल्याचा रिमार्क पडलाय, तो पुसता येत नाही म्हणाले. आठवड्यातनं दोन दिवस ऑफिसला जायचं."

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं."

"मी तेच सांगत होते तुम्हाला," ती म्हणाली. "काम करताना हालतं."

तिनं ते सांगितलं होतंच. मी फक्त 'हालतं' ऐकलं आणि खिसा घट्ट धरला. 'काम करताना' म्हणजे कधी, एवढं जरी विचारलं असतं तरी पहिल्या शनिवारीच निकाल लागला असता.

निघताना आण्णा म्हणाले, "भिताडाला भोकं पाडलीस ती?" दुसऱ्या दिवशी सिमेंट घेऊन जाऊन बुजवून आलो. त्यावर घासाघीस केली नाही.

घरून काम करायला टेबल घेणाऱ्याला मी आता आधी विचारतो, भिंतीपलीकडे काय आहे आणि ते कधी चालतं. मग सांगतो, टेबल भिंतीपासून सुटं ठेवा. तक्रार आली तर माझ्या सवडीनं न जाता गिऱ्हाइकाच्या कामाच्या वेळी जातो आणि त्याच्या खुर्चीत बसून बघतो. दिवस मोडतो, कंबर दुखते.

मंगळवारी आणि बुधवारी सकाळी शटर उघडताना सुप्रिया मला पौडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना दिसते. हात करते, मीही करतो. टेबल पक्कंच आहे, त्यात मी खोटं बोललो नव्हतो. आठवड्यातले दोन दिवस ते कोळवणला रिकामं उभं असतं.