तीन पायांच्या कुत्र्याच्या पत्त्यावर

ओळखी वाढवणं हा माझा प्रांत नव्हे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्या बाईला "कुठून आलात?" असं विचारायचं मी टाळते, कारण ती सांगत बसते. तरीही नसरापूरजवळच्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्राणिमित्रांच्या मेळाव्याला मी रविवारची झोप मोडून गेले, ते एका कुत्रीपायी.

मार्गासनीला मी ज्या शाळेत शिकवते, त्या शाळेमागं ती राहायची. पिवळसर, लाजाळू, मधल्या सुट्टीत माझ्या हातून अर्धी भाकरी खाणारी. रानडुकरांसाठी कुणीतरी लावलेल्या तारेच्या फासात तिची मान अडकली. तिनं तो तोडला खरा, पण तारेचं कडं गळ्यातच राहिलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, धरून द्या, मी कापतो. मग मी नको तो शहाणपणा केला. भाकरी पुढं धरली आणि ती खात असताना तारेला हात घातला. ती अशी केकाटली की वर्गातली सगळी पोरं बाहेर धावली. त्या दिवसापासून मी दिसले की ती पळायची. तार रोज थोडी आत रुतत होती आणि धरणार कोण, हा प्रश्न होता. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

मेळाव्यात आधी शाल-श्रीफळ झालं, मग भाषणं. मग निवेदकानं सांगितलं, आता तासभर एकमेकांशी ओळख करून घ्या. त्याबरोबर सगळ्यांनी मोबाईल बाहेर काढले. मला वाटलं, नंबर घेताहेत. कसले नंबर! फोटो दाखवत होते. तासाभरात मी एका मांजरीची चार बाळंतपणं ऐकली, एका गाढवाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पाहिलं आणि भोरच्या एका चाचींच्या घरातली मांजरं एकमेकांची कोण लागतात, तेही समजून घेतलं. चाची माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात हे तिथं कळलं. वीस वर्षांत आम्ही कधी बोललो नव्हतो.

शेवटी मला हवा तो माणूस सापडला. वरवे बुद्रुकचे, पन्नाशीचे, दोन्ही हातांवर चावल्याच्या जुन्या खुणा.

"जाळी हाय माज्याकडं," ते म्हणाले. "मार्गासनीच ना? येतो की."

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. त्यांनी घरच्या तीन पायांच्या कुत्र्याचे फोटो दाखवले. पांढरा, तांबड्या ठिपक्यांचा, गावभरच्या चपला पळवणारा. मीही माझ्या कुत्रीचे दाखवले. तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि सगळे रांगेकडं धावले.

कापूरहोळला भोरकडं स्कूटर वळवताना लक्षात आलं. त्यांचा नंबर घेतलेला नव्हता. नावही विचारलेलं नव्हतं. घरी जाऊन आयोजकांना फोन लावला.

"तीन पायांचा ना? अहो, ओळखतो की! भारी वस्ताद आहे," ते म्हणाले. मालकाचं नाव मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी वरव्याला गेले आणि चहाच्या टपरीवरच्या मावशींना थेट कुत्र्याचाच पत्ता विचारला.

"चपला पळवतंय त्येच ना? लई बेनं हाय!" मावशी म्हणाल्या. "देवळामागं जावा. निळं दार."

निळ्या दाराशी पोहोचले, तेव्हा ते गृहस्थ आतून हसत बाहेर आले. तेही रात्रभर माझाच विचार करत होते. बाईंना येतो म्हणालो, पण बाई कोण, शाळा कुठली? या खेपेला मी सगळ्यात आधी नंबर घेतला. दुपारी ते जाळी घेऊन हजर झाले, पाठोपाठ डॉक्टरही आले.

"तुमी आत वर्गात जावा. दार लावून घ्या," ते म्हणाले.

"मी मदत करते ना."

"न्हाई. जो खायला घालतो त्यानं धरायचं न्हाई. माज्यावर राग धरू द्या तिला, माजं काय जातंय. तुमचं मातूर बिघडंल."

"मी आधीच एकदा धरलंय तिला."

"एकडाव माफ करत्यात. दुसऱ्यांदा न्हाई."

मी दार लावून बसले. बाहेर ती ओरडत होती आणि आत मी तिसरीच्या वह्या पुढ्यात घेऊन डोळे टिपत होते. डॉक्टरांनी तार कापली, जखम धुतली, इंजेक्शन दिलं. तिला सोडल्यावरच मला बाहेर बोलावलं.

तीन दिवस ती लांब उभी राहून नुसती बघायची. चौथ्या दिवशी आली. हळूच, मान खाली घालून तिनं माझ्या हातातून भाकरी घेतली. एवढा आनंद मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता. मी लगेच त्यांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी ते जखम बघायला आले. रस्त्यावर मोटारसायकल थांबली मात्र, कुत्रीच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तोंडातली भाकरी टाकून गुरगुरत ती माझ्या मागं दडली.

"या ना जवळ," मी हाक मारली.

"नगं. हितनं दिसतीय जखम. सुकलीय."

"तुम्ही धरलेली सगळीच अशी करतात?"

"समदी. या रस्त्यानं वेल्ह्यापतूर भुंकत्यात मला."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले आणि मोटारसायकल आणखी थोडी मागं घेतली. "पर ती खाईना झालीय बगा माज्यामुळं. तुमी भाकरी धरा. म्या जातो."